दुसऱ्या पेरणीचे बी कोणाच्या घरात?



आज आम्ही कपाशीच्या भावापासून सुरुवात करणार नाही. एका दुरुस्तीच्या दुकानापासून करणार आहोत.

कैलास काटकर मूळचे सातारा जिल्ह्यातले. शिक्षण दहावीपर्यंत. पुण्यात महिना ४०० रुपयांवर कॅल्क्युलेटर दुरुस्तीची नोकरी केली. १९९० मध्ये १५ हजार रुपयांत स्वतःचे दुकान टाकले. धाकटे भाऊ संजय संगणक शिकले. दुरुस्तीला येणारे संगणक व्हायरसने बिघडलेले असत. संजय यांनी त्यावर प्रोग्रॅम लिहिला. १९९५ मध्ये तो ७०० रुपयांना विकायला काढला. तीच पुढे 'क्विक हील' कंपनी झाली. फेब्रुवारी २०१६ मध्ये तिचे शेअर बाजारात आले आणि हे भाऊ शेकडो कोटींचे धनी झाले.

मेहनत तर होतीच. पण मेहनत तुम्ही काय कमी करता? फरक दुसरीकडे आहे. भाव त्यांनी स्वतः ठरवला. प्रोग्रॅम एकदा लिहिला की दुसऱ्या प्रतीला खर्च जवळजवळ नाही. आणि मुदत संपली की गिऱ्हाईक पुन्हा पैसे भरते.

एकाचे हजार करणारी अशी वस्तू आपल्याही घरात होती. आजीने राखेत घोळून उतरंडीत ठेवलेले बी!

२००२ मध्ये बीटी कपाशीला परवानगी मिळाली. ४५० ग्रॅमची पिशवी सुमारे १६०० रुपयांना, त्यात तंत्रज्ञानाची फी. २००६ मध्ये सरकारांनी ती ७५० वर आणली. शेतकीची पदवी घेतलेले आम्ही तंत्रज्ञानाचे वैरी नाही. बोंडअळीवर सुरुवातीला फायदा झाला, हे खरेच. पण हे तंत्र आपल्याकडे आले संकरित वाणात, आणि संकरिताचे घरचे बी पुढच्या वर्षी तसे पिकत नाही. म्हणून दर मृगाला पिशवी विकत घ्यायची. मुदत संपली, पैसे भरा! संगणकवाल्याचे गिऱ्हाईक आणि आपण एकाच रांगेत. माल विकतानाचा भाव मात्र व्यापारी सांगतो.

मग करायचे काय? रब्बी ज्वारी अजून आपल्या हातात आहे. मालदांडी सरळ वाण आहे. राहुरी विद्यापीठाची फुले वसुधा, फुले रेवतीही सरळ वाणच. एकरी चार किलो बी पुरते. काढणीआधी शेताच्या मध्यातली, वाणाशी जुळणारी, निरोगी कणसे निवडा. वेगळी मळा, वेगळी वाळवा. २००१ च्या कायद्याने बी राखण्याचा, देण्याघेण्याचा, ब्रँडशिवाय विकण्याचा हक्क शेतकऱ्याला दिला आहे. कपाशीचे सरळ वाण नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेने काढले आहेत. त्यांचे बी तालुक्याला मिळावे, ही आपली मागणी.

यातून कोणी कोट्यधीश होणार नाही. पण पेरणीच्या तोंडावर सावकाराकडे जाण्याचे एक कारण तरी कमी होईल.

काढणीनंतरच्या बैठकीला प्रत्येकाने निवडलेल्या कणसांची एक जुडी आणावी. भाषण तेव्हा होणार नाही. बियाण्याची देवाणघेवाण होईल.