वैमानिक व्हायचंय, पण शिकायचं कुठे?

बारावीचा निकाल लागला की आपल्या ठाणे-कल्याण-डोंबिवलीच्या घरांतून इंजिनिअरिंग, सीए, फार्मसी अशी चर्चा सुरू होते. अलीकडे त्यात आणखी एक शब्द ऐकू येऊ लागला आहे, पायलट. डिसेंबर २०२५ मध्ये नवी मुंबईचा विमानतळ सुरू झाल्यापासून तर जास्तच. मी बँकेत तीस वर्षं नोकरी केली, त्यातली बरीच कर्जविभागात. वैमानिक प्रशिक्षणासाठी कर्ज मागणारी कुटुंबं मी टेबलाच्या पलीकडे बसलेली पाहिली आहेत. पुढे माझ्या बहिणीच्या मुलीनं हाच मार्ग निवडला, तेव्हा तिच्याबरोबर संस्था पाहत फिरलो. त्या दोन्ही अनुभवांतून जे समजलं ते आज सांगणार आहे.

आपल्या भागाला विमानं अगदीच परकी नाहीत. कल्याणजवळ नेवाळीला दुसऱ्या महायुद्धातली धावपट्टी होती. तिच्या जमिनीवरून २०१७ मध्ये शेतकऱ्यांचं आंदोलन झालं, ते अनेकांना आठवत असेल. मुंबईत तर जुहूला १९२८ मध्ये बॉम्बे फ्लाइंग क्लब निघाला आणि १० फेब्रुवारी १९२९ रोजी जेआरडी टाटांना भारतात दिला गेलेला पहिला वैमानिक परवाना मिळाला. पण आज मुंबईच्या आकाशात शिकाऊ विमानाला जागा नाही. त्या क्लबचं उड्डाण प्रशिक्षणही धुळ्याला गेलं. धुळे, शिरपूर, बारामती, गोंदिया, नागपूर ही आपल्या राज्यातली प्रशिक्षणाची गावं. म्हणजे मूल घराबाहेर राहणार, हे पहिल्या दिवशीच धरून चालायचं.

आता क्रम. बहुतेक पालक आधी संस्थेत चौकशी करतात आणि तपासणीचं नंतर बघू म्हणतात. हा क्रम उलटा करा. आधी वैद्यकीय तपासणी. डीजीसीए, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालय, दोन पायऱ्यांची तपासणी मागतं, क्लास टू आणि नंतर क्लास वन. व्यावसायिक परवान्याला क्लास वन लागते. चष्मा असला म्हणून अडत नाही, चष्म्यानं नजर पूर्ण सुधारली म्हणजे झालं. पण रंगांधळेपणा, कानाचे, हृदयाचे काही दोष निघाले तर प्रश्न येतो. काही हजारांत होणारं हे काम आधी केलं तर पुढचे लाखो रुपये वाचू शकतात. क्लास वन हाती आल्याशिवाय कुठल्याही संस्थेला मोठी रक्कम देऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

शिक्षणाची अट बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित. वाणिज्य शाखेची मुलं हे दोन विषय राष्ट्रीय मुक्त विद्यालयातून देतात. परवान्याला वय किमान १८ आणि २०० तासांचं उड्डाण. त्यातले १०० तास विमानाची जबाबदारी स्वतः घेऊन, थोडं रात्रीचं उड्डाण, थोडं फक्त उपकरणांवर विसंबून, आणि एक लांबचा प्रवास, किमान ३०० सागरी मैलांचा, वाटेत दोन वेगळ्या विमानतळांवर उतरून. शिवाय हवामान, दिशादर्शन, नियम, विमानाची तांत्रिक माहिती यांच्या लेखी परीक्षा आणि रेडिओवरच्या संभाषणाची वेगळी परीक्षा. या लेखी परीक्षा घरी बसून, आपल्याच भागातल्या क्लासला जाऊन देता येतात. निदान दोन-तीन विषय सुटल्यावर उड्डाणाला जावं. मूल अभ्यासाला टिकतं की नुसतं गणवेशावर भाळलंय, तेही तेवढ्यात कळतं.

मग येतो मूळ प्रश्न, संस्था कोणती? भाची, तिचे वडील आणि मी एका संस्थेत गेलो होतो. नाव घेत नाही. माहितीपुस्तिकेत विमानांचे सुंदर फोटो, स्वागतकक्षात थंडगार हवा. मी विचारलं, "आज उडू शकतील अशी विमानं किती?" उत्तर आलं, "सर, आमची फ्लीट मोठी आहे." मी पुन्हा विचारलं. मग कळलं, पाच. बाकीची हँगरमध्ये, सुट्या भागांची वाट पाहत. मुलं किती? ऐंशीच्या आसपास. "आणि कोर्स किती दिवसांचा?" "एका वर्षात पूर्ण, सर."

बाहेर चहाच्या टपरीवर मी भावजींना हिशेब मांडून दाखवला. ऐंशी मुलं गुणिले दोनशे तास, म्हणजे १६ हजार तास. पाच विमानांत वाटले तर प्रत्येक विमानाला वर्षाला ३,२०० तास. वर्षाचे ३६५ दिवस, एकही सुटी न घेता, रोज जवळजवळ नऊ तास उडावं लागेल. यात पावसाळा नाही, दर काही तासांनी करावी लागणारी देखभाल नाही, इन्स्ट्रक्टरची रजा नाही. काही तास सिम्युलेटरवर धरले तरी गणित बसत नाही. भाची म्हणाली, "मामा, म्हणजे मला दोन-अडीच वर्षं लागणार!" तिला ते बोटावर मोजता आलं, यातच आमची ती फेरी वसूल झाली.

तेव्हा पालकांनी चार आकडे मागावेत: उडणारी विमानं, हजर असलेले इन्स्ट्रक्टर, सध्याची मुलं आणि गेल्या वर्षी परवाना घेऊन बाहेर पडलेली मुलं. चौथा आकडा द्यायला खळखळ झाली तर समजून जावं. शिवाय विचारावं की रात्रीच्या उड्डाणाची सोय तिथेच आहे की मुलांना दुसरीकडे पाठवतात. दोन इंजिनांचं विमान स्वतःचं आहे की नाही. विमानाचं खास पेट्रोल नियमित मिळतं का. आणि हे सगळं कार्यालयात विचारून झालं की संध्याकाळी मुलांच्या मेसमध्ये जाऊन बसावं. गेल्या महिन्यात प्रत्येकाचे किती तास झाले, एवढंच विचारावं. मुलं खरं सांगतात.

सरकारी माहितीही आता मिळते. मान्यताप्राप्त संस्थांची यादी डीजीसीएच्या संकेतस्थळावर असते. ऑक्टोबर २०२५ मध्ये डीजीसीएनं संस्थांची पहिली श्रेणीवार यादी काढली. त्यात ३५ संस्था होत्या आणि एकालाही 'अ' गटातली श्रेणी मिळाली नाही. सगळ्या 'ब' आणि 'क' मध्ये. ही यादी वर्षातून दोनदा काढायची असं ठरलं आहे. 'शंभर टक्के नोकरी' अशी जाहिरात वाचण्यापूर्वी ती वाचावी.

सुरक्षिततेबद्दल बोलायला घरात कुणी धजत नाही, पण बोललं पाहिजे. ऑक्टोबर २०२३ मध्ये बारामती परिसरात एकाच संस्थेची दोन शिकाऊ विमानं काही दिवसांच्या अंतरानं कोसळली आणि डीजीसीएनं त्या संस्थेची उड्डाणं थांबवली. आईवडिलांनी घाबरून जावं म्हणून हे सांगत नाही. देखभाल कोण करतं, गेल्या दोन-तीन वर्षांत काय घडलं, हे विचारण्याचा हक्क तुम्हाला आहे. तसंच कुणी 'तास लवकर भरून देतो' म्हणालं तर तिथून उठावं. २०११ मध्ये बनावट गुणपत्रिका दाखवून परवाने मिळवलेले वैमानिक पकडले गेले. राजस्थानातल्या एका संस्थेत न केलेल्या उड्डाणांचे तास लॉगबुकात भरल्याचंही त्याच वर्षी उघड झालं. ज्याच्या मागे पावणेदोनशे माणसं बसणार आहेत, त्याचे तास खरेच असले पाहिजेत.

आता पैसे. परवान्यापर्यंतचा खर्च आज पन्नास लाखांच्या वर जातो. त्यानंतर एअरबस किंवा बोइंग चालवण्याचं टाइप रेटिंग, ते साधारण वीस लाखांच्या घरात. विमान कंपन्यांच्या कॅडेट योजनांत वाट जास्त आखीव असते, पण खर्च कोटीच्या आसपास किंवा वर. बँका साडेसात लाखांपलीकडे सहसा तारण मागतात, आणि आपल्याकडे तारण म्हणजे राहतं घर. पन्नास लाख, दहा टक्के व्याज, पंधरा वर्षं असं धरलं तर हप्ता महिना सुमारे ५४ हजार येतो. शिकत असतानाचं व्याज वेगळं. माझ्यासमोर बसलेल्या कित्येक वडिलांनी घराची कागदपत्रं पुढे केली, तेव्हा मी त्यांना एकच विचारत असे, "धाकट्याच्या शिक्षणाचं काय ठरवलंय?" काही जण गप्प होत. हा प्रश्न घरी, दोन्ही मुलांसमोर बोलून घ्यावा.

फी एकरकमी भरू नये. तासांच्या टप्प्यांनुसार हप्ते, आणि मध्येच सोडावं लागलं तर परतावा किती, हे लेखी घ्यावं. इंधनवाढ, राहणं, जेवण, जादा तास यांचा खर्च आकड्यात आहे की बाहेर, तेही लेखी. परदेशात शिकलात तर हवामान चांगलं असल्यानं तास लवकर होऊ शकतात, पण परत येऊन डीजीसीएच्या परीक्षा देऊन तिथला परवाना इथं रूपांतरित करून घ्यावा लागतो. तो वेळ आणि खर्च आधीच जमेस धरावा.

आणि परवाना म्हणजे नोकरी नव्हे. एप्रिल २०१९ मध्ये जेट एअरवेज बंद पडली, मे २०२३ मध्ये गो फर्स्टची विमानं थांबली. हजारो तासांचा अनुभव असलेले वैमानिक बाजारात आले, तेव्हा दोनशे तासवाल्यांची रांग आणखी लांबली. हा धंदा लाटांचा आहे. परवान्यानंतर दोन वर्षं पगाराशिवाय हप्ता भरता येईल का, याचं उत्तर 'हो' असेल तरच सही करावी.

पैशांअभावी गुणी मुलांनी मागे राहावं असंही नाही. रायबरेलीजवळ फुरसतगंजला इंदिरा गांधी राष्ट्रीय उडान अकादमी ही सरकारी संस्था आहे. प्रवेश परीक्षेनं मिळतो. इतर मागासवर्गीय मुलांसाठी 'महाज्योती'नं नागपूर फ्लाइंग क्लबमध्ये प्रशिक्षणाची योजना राबवली. अशा जाहिरातींवर लक्ष ठेवावं. गोंदियाला जायला विदर्भ एक्स्प्रेस ठाणे-कल्याणला थांबते, एकदा जाऊन तिथला विमानतळ आणि शिकणारी मुलं पाहून यावं.

भाचीनं पुढे वेगळी संस्था निवडली. तिला सव्वादोन वर्षं लागली, आणि तेवढी लागतील हे घरात आधीच माहीत असल्यानं कुणाचा धीर सुटला नाही. आता परवाना हातात आहे, टाइप रेटिंगसाठी पैशांची जुळवाजुळव चालू आहे आणि ती सध्या एका क्लासमध्ये हवामानशास्त्र शिकवते.

आणि समजा तपासणीत किंवा हिशेबात गाडी अडली, तर विमानतळाचं दार बंद झालं असं मानू नका. भौतिकशास्त्र-गणितातली पदवी घेऊन हवाई वाहतूक नियंत्रकाची परीक्षा देता येते, विमान देखभालीचा अभ्यासक्रमही आहे. बारावीनंतर आपल्या मुलामुलींसमोर कागद-पेन्सिल घेऊन बसा, वर सांगितलेले आकडे त्यांनाच मांडायला लावा. पुढे कॉकपिटमध्येही त्यांना हेच करायचं आहे, इंधन, वारा आणि अंतर यांचा हिशेब.