जंगलात क्वाड: आधी रुंदी, मग ताकद

मी वीकेंडला इथे अमेरिकेत, वेस्ट व्हर्जिनियाच्या हॅटफील्ड-मकॉय ट्रेल्सवर स्पोर्ट क्वाड चालवतो. यामाहा वायएफझेड ४५०आर, सेकंडहँड. घेतल्या घेतल्या पहिला खर्च केला एक्झॉस्टवर. आवाज एकदम भारी! पण तिसऱ्याच राईडला दोन झाडांमधून निघताना हँडल खोडाला घासलं आणि डावी करंगळी मोडली. पुढे महिनाभर नऊ बोटांनी कोड लिहिला.

तेव्हा कळलं, जंगलात ताकद कमी पडत नाही, जागा कमी पडते. वळणात सहज उलटू नये म्हणून मोटोक्रॉसवाले क्वाड साधारण ५० इंच रुंद ठेवतात. झाडांमध्ये ४६ च्या आसपास बरी. यामाहानेच २०१० मध्ये जंगलासाठी अरुंद ४५०एक्स काढली होती.

मग मी क्रमच बदलला. आधी हँडगार्ड. मग खाली स्किड प्लेट. मग स्टिअरिंग डँपर, म्हणजे चाक मुळावर आपटलं तरी हँडल हाताला हिसका देत नाही. शेवटी शॉकचं कम्प्रेशन दोन-दोन क्लिक मऊ करत गेलो. एका वेळी एकच बदल आणि टेस्ट त्याच ट्रेलवर. डीबगिंगच की हे!

एक्झॉस्ट विकून टाकला. करंगळी मात्र अजून वाकडीच आहे. क्लच दाबला की रोज आठवण करून देते. तुम्ही हँडगार्ड आधी घ्या. भेटू पुढच्या भागात!