लेक सासरी पाठवल्यावर

रोवणी आटोपली, कंबर थोडी मोकळी झाली असेल, म्हणून आज निवांत बोलू. आज एका मोठ्या कंपनीची गोष्ट सांगणार आहे. कंपनीचं आपल्याला काय करायचं, असं म्हणू नका. आपल्या गटात होतं तेच तिथं झालं, फक्त तिथले आकडे मोठे.

आधी आमच्या गटाचं सांगते. आमच्या अध्यक्षबाई नऊ वर्षं त्या जागेवर होत्या. गट त्यांनीच उभा केला. दारोदार फिरून बाया जमवल्या, पहिल्या कर्जाच्या वेळी बँकेत दिवसदिवस बसल्या. मागच्या वर्षी बदल करायचं ठरलं, नवी अध्यक्ष निवडली. जुन्या बाई हसून म्हणाल्या, आता तुम्ही पाहा. पण पासबुक त्यांच्याच घरी राहिलं, पेटीची किल्लीही त्यांच्याकडेच. नवीनं कर्जाचा विषय काढला की बाया आधी जुन्या बाईंच्या तोंडाकडे पाहत. तीन महिन्यांत नवी रडकुंडीला आली. मी तेव्हा सचिव होते आणि गप्प बसले, हेही सांगून टाकते.

आता ती कंपनी. १९८१ मध्ये नारायण मूर्ती आणि त्यांचे सहा सोबती, सगळे इंजिनिअर, यांनी मिळून पुण्यात इन्फोसिस सुरू केली. कॉम्प्युटरला काम कसं करायचं हे सांगणारे प्रोग्रॅम लिहायचे, हा धंदा. भांडवल १० हजार रुपये, आणि ते मूर्तींच्या बायकोनं, सुधाबाईंनी, आपल्या बचतीतून दिले. म्हणजे पहिलं कर्ज घरातल्या बाईच्याच डब्यातून निघालं!

या सुधाबाई स्वतः इंजिनिअर. टेल्कोच्या जाहिरातीत बायांनी अर्ज करू नये असं छापलेलं वाचून त्यांनी थेट जे. आर. डी. टाटांना पोस्टकार्ड लिहिलं होतं आणि पुण्याच्या कारखान्यात नोकरी मिळवली होती. १९८२ मध्ये ती नोकरी त्यांनी सोडली. नवऱ्याच्या कंपनीत मात्र त्यांना जागा मिळाली नाही. मूर्तींचं म्हणणं होतं की नवरा-बायको दोघांनी एका कंपनीत राहायचं नाही. तिथला रिवाजच तसा होता : ज्यांनी कंपनी काढली त्यांच्या घरच्यांना आत घ्यायचं नाही, गुणावर माणूस निवडायचा, ठरलेल्या वयाला खुर्ची सोडायची. पुढे नोकरदारांनाही कंपनीचे शेअर दिले, त्यात कितीतरी साध्या घरांचं भलं झालं.

२००२ मध्ये मूर्तींनी रोजचा कारभार नंदन निलेकणींच्या हाती दिला. हे निलेकणी तुम्हाला माहीत नसतील, पण त्यांचं काम तुमच्या पिशवीत आहे. २००९ मध्ये ते कंपनी सोडून सरकारच्या आधार योजनेचे प्रमुख झाले. पहिलं आधार २०१० मध्ये आपल्याच राज्यात, नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात, एका बाईला मिळालं. गेलेल्या माणसानं मागं वळून न पाहता दुसरं काम उभं केलं, असं जाणं मला आवडतं.

२०११ मध्ये, वयाच्या पासष्टाव्या वर्षी, मूर्तींनी अध्यक्षपद सोडलं. तेव्हा त्यांनी लिहिलं होतं की ही भावना लेकीचं लग्न करून तिला सासरी पाठवण्यासारखी आहे. वाचून माझ्याही डोळ्यांत पाणी आलं. पण पुढं काय झालं पाहा. कंपनीची वाढ मंदावली, संचालकांनी बोलावलं आणि २०१३ मध्ये मूर्ती परत आले. बापच सामान घेऊन लेकीच्या दारात! पगार वर्षाला १ रुपया घेतला, पण सोबत मुलाला मदतनीस म्हणून आणलं. घरच्यांना आत घ्यायचं नाही हा रिवाज मोडला, म्हणून लोक बोलले. त्या काळात अनेक मोठे अधिकारी सोडून गेले. वर्षभरानं बापलेक दोघे बाहेर पडले.

२०१४ मध्ये पहिल्यांदा बाहेरचा माणूस, विशाल सिक्का, कारभारी झाला. तीन वर्षांत, ऑगस्ट २०१७ मध्ये, त्यानं राजीनामा दिला. रोजच्या टोमण्यांत आणि आरोपांत काम करता येत नाही, असा त्याच्या पत्राचा सूर होता. संचालकांनी मूर्तींकडे बोट दाखवलं. मूर्ती म्हणाले, मला पद नको, पैसा नको. पगाराचे आणि सोडून जाणाऱ्यांना द्यायच्या रकमांचे व्यवहार नीट व्हावेत एवढंच म्हणणं. शेवटी निलेकणींना परत बोलावून घडी बसवावी लागली.

चूक कोणाची? मला वाटतं, मूर्तींचे प्रश्न खोटे नव्हते. हिशेब विचारलाच पाहिजे, आपल्या पंचसूत्रीतही हिशेब आहेच. पण गट ज्यानं उभा केला त्याचा साधा प्रश्नही नव्या माणसाला हुकमासारखा वाटतो. सासूनं सहज विचारलं, मीठ टाकलं का, तरी सुनेच्या हातातला चमचा थांबतो ना, तसं.

आणि सुधाबाई? जानेवारी २०२४ मध्ये मूर्तींनी मुलाखतीत कबूल केलं की त्यांना बाहेर ठेवणं चुकलंच, त्या आम्हा सगळ्यांपेक्षा लायक होत्या. बेचाळीस वर्षं लागली. नियम चांगला होता, पण त्याची किंमत एकट्या बाईनं दिली.

आता आमच्या गटाकडे येते. मी शेवटी तोंड उघडलं. बैठकीत सगळ्यांसमोर पासबुक, किल्ली, कर्जाची वही नवीच्या हाती दिली, तसं इतिवृत्तात लिहिलं, सगळ्यांच्या सह्या घेतल्या. ठरावाची प्रत नेऊन बँकेतल्या सह्या बदलल्या. हे पहिल्याच दिवशी करायला हवं होतं. जुन्या बाई रागावल्या, दोन बैठकांना आल्याच नाहीत. मी घरी गेले, तर सूप हातात घेऊन तांदूळ पाखडत होत्या. वर न पाहता म्हणाल्या, नऊ वर्षं केलं, कोणी शाल तरी दिली का? माझ्याकडे उत्तर नव्हतं. आम्ही खरंच विसरलो होतो.

पुढच्या बैठकीत शाल दिली, नारळ दिला. त्या आल्या आणि दाराजवळ बसल्या. कर्जाचा विषय निघाला तशा दोघी-तिघींनी सवयीनं त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी पदर सावरला आणि नवीकडे बोट दाखवलं.