चिंचोक्यांची शाळा
(वर्धापनदिनी केलेले भाषण)



माझा धाकटा गतिमंद आहे, हे आपणां सर्वांस ठाऊकच आहे. दोन वर्षे पाटी गिरवूनही त्याला आकडे कळेनात. चिडून मी हातही उगारला, हे आज कबूल करते.

पुढे बालवाडीच्या बाईंनी माँटेसोरीबाईंची हकीकत सांगितली. १९०७ साली रोममध्ये बालगृह काढण्यापूर्वी त्यांनी अशाच मुलांना हाताळायच्या साधनांनी शिकविले होते. साधने महाग, म्हणून मी घरातलीच घेतली. ताटात रवा पसरून बोटाने ‘ग’ काढायचा. (तो रवा वेगळ्या डब्यात असतो, शिऱ्यात घालीत नाही!) मोठ्याने मोजीत चिंचोके वाटीत टाकायचे. डोळे मिटून तांदूळ कोणते, तूरडाळ कोणती, ते चाचपून ओळखायचे. एका वेळी एकच खेळ, आणि तो कंटाळण्याआधी आवरायचा. चार महिने गाडी पाचाच्या पुढे सरकली नाही. परवा मात्र जेवायला माणसे सात, तर त्याने आपणहून सात ताटे मोजून मांडली.

एक मागणे आहे. सागरगोट्यांच्या डावातून आपल्या मुली त्याला उठवून लावतात. त्याला बसू द्या. झेल हुकेल त्याचा, पण मोजणी तो करील.