मळ्यातलं घर कुणाच्या नावावर?

उत्तर बंगालात दार्जिलिंगचे डोंगर आणि हिमालयाच्या पायथ्याशी डुआर्सचा पट्टा आहे, दोन्हीकडे चहाचे मळे. तिकडे फिरून आलेली मंडळी या सभागृहात पुष्कळ असतील. भाड्याचा नेपाळी पोशाख, पाठीवर टोपली, तिचा पट्टा कपाळावर, आणि एक फोटो. त्या फोटोबद्दल माझी काही तक्रार नाही. मला बोलायचंय ते त्याच मळ्यातल्या पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांबद्दल. कुणाचे आईबाप वेगळे झालेत, कुणाचा बाप केरळात मजुरीला आणि आई दिल्लीत धुणीभांडी करायला गेलीय.

आपल्याकडे संसार मोडला तरी चार भिंती बहुधा कुणाच्या तरी वाट्याला येतात. मळ्यात तसं नाही. १९५१च्या मळा-कामगार कायद्याने मालकावर कामगाराला घर देण्याचं बंधन घातलं, पण ते घर नोकरीला बांधलेलं. ज्याचं नाव हजेरीपटावर, त्याला कामगारांच्या लाइनीतली खोली. जमीन सरकारची, मळेवाल्याला भाडेपट्ट्याने दिलेली. छोटा नागपूरहून डुआर्समध्ये आलेल्या उराँव-मुंडा आदिवासींच्या कितीतरी पिढ्या इथे गेल्या, तरी घराचा कागद नाही. हजेरी आईच्या नावावर असेल आणि ती नवऱ्याचा मार असह्य होऊन निघून गेली, तर खोलीच धोक्यात येते. मग आजीला आठवते ‘बदली’, म्हणजे आईच्या जागी हजेरीपटावर घरातलं दुसरं माणूस. नात अठराची कधी होते याची वाट पाहायची. तिला शिकायचंय का, हे विचारायला सवड कुणाला आहे? २०२३मध्ये रोज ठरला २५० रुपये. तेवढ्यात मळ्यातल्या रिसॉर्टवर दोघांचं जेवणही होणार नाही.

आता पर्यटन. २०१९च्या धोरणात पश्चिम बंगाल सरकारने मळ्याची १५ टक्के, पण जास्तीत जास्त १५० एकर जमीन पर्यटनासारख्या धंद्यांना मोकळी केली. २०२५मध्ये ही मर्यादा ३० टक्क्यांवर नेण्याची घोषणा झाली आणि कामगार संघटना खवळल्या. रोजगार येईल, होमस्टे निघतील, असं सांगतात. निघतातही. पण होमस्टेला जास्तीची खोली लागते, पाहुण्यांना रांधून वाढणारं माणूस लागतं, कर्जासाठी कागद लागतो. विस्कटलेल्या घरात नेमकं यातलंच काही नसतं. तिथला मुलगा पर्यटनात शिरतो तो भांडी घासायला आणि बॅगा उचलायला. कायदाही फारसा आड येत नाही. २०१६च्या दुरुस्तीनंतर चौदा ते अठरा वयाला फक्त धोकादायक धंदे बंद आहेत, आणि हॉटेल त्यांत मोडत नाही.

शिवाय हंगाम पाहा. पर्यटकांची गर्दी एप्रिल-मेमध्ये आणि दुर्गापूजेच्या सुट्टीत. खुडणीही मार्च ते नोव्हेंबर. म्हणजे घरातलं मोठं माणूस दिवसभर मळ्यात असतं तेव्हाच पोराला रिसॉर्टवरून हाक येते. फेब्रुवारीत दहावीची परीक्षा, आणि पूजेनंतरचे आठवडे गिऱ्हाइकांत जातात. डिसेंबरात मळा झोपतो, तोवर वह्या मागे पडलेल्या असतात.

तरीही रिसॉर्ट नकोच, असं मी म्हणणार नाही. डुआर्समध्ये मळे बंद पडले तेव्हा ‘दिल्लीत काम देतो’ म्हणणारे दलाल आले, आणि किती मुलींचा पुढे पत्ताच लागला नाही. अठरा पूर्ण झालेल्या पोरीला घराजवळ पगाराचं काम मिळत असेल, तर ते दलालापेक्षा केव्हाही बरं. माझा आग्रह आहे तो क्रमाबद्दल. आधी वसतिगृह आणि तिथे कायम राहणारी, पोरांना नावानिशी ओळखणारी बाई. मग तंबू नि स्विमिंग पूल.

सरकारने २०२३मध्ये कामगारांना घरासाठी पाच डेसिमल जमिनीचे पट्टे द्यायचं जाहीर केलं. आपल्या भाषेत दोन गुंठे. डोंगरातल्या लोकांनी विरोध केला, कारण अनेकांच्या ताब्यात त्याहून जास्त जागा आहे. त्यांचं म्हणणं रास्त आहे. पण मला आणखी एक विचारायचंय. बाप केरळात, आई दिल्लीत, आजी निवृत्त. त्या खोलीत प्रत्यक्ष राहतो तो सोळा वर्षांचा नातू. दोन गुंठ्यांचा कागद निघाला, तर त्यावर नाव कुणाचं लिहायचं?