तान्ह्या बाळाची सर्दी आणि रात्रीची झोप

घरात तान्हे मूल असावे आणि त्याला सर्दी व्हावी, म्हणजे त्या घराची रात्र मोठी होते. दिवसा हसत-खेळत असलेल्या बाळाच्या नाकातून दिवे मालवल्यावर घुरघुर ऐकू येऊ लागते. ते दूध प्यावयास तोंड लावते, दोन घोट घेते आणि स्तन सोडून रडू लागते. थकून झोपते, आणि अर्ध्या घटकेत पुन्हा जागे होते. आई त्याला खांद्यावर घेऊन येरझारा घालते, आजी ओव्याची पुरचुंडी तव्यावर शेकविते, वडील कपाटातली औषधाची बाटली शोधू लागतात. मुंबईची चाळ असो, इंदूर-ग्वाल्हेरकडचा जुना वाडा असो की दिल्लीची सरकारी वसाहत असो, हे दृश्य सगळीकडे सारखेच. घरातल्या प्रत्येकाला काहीतरी करावेसे वाटत असते. आणि नेमकी हीच वेळ जपण्याची असते. कारण साध्या सर्दीने बाळाला जेवढा अपाय होतो, त्याहून अधिक अपाय कधीकधी त्या सर्दीवर मध्यरात्री घाईने केलेल्या उपायांनी होतो.

मोठ्या माणसाचे नाक चोंदले तर तो तोंड उघडून श्वास घेतो आणि कूस बदलून झोपी जातो. तान्ह्या मुलाचे तसे नाही. पहिले काही महिने ते मुख्यतः नाकानेच श्वास घेते. दूध पिता पिता श्वासही घेता यावा, अशी ही निसर्गाची सोय आहे. पण नाक बंद झाले की तीच सोय अडचणीची होते. बाळाच्या नाकातील वाट मुळातच अरुंद. तिचे अस्तर थोडेसे सुजले, थोडासा शेंबूड दाटला, की ती जवळजवळ बंद होते. मग पोटात भूक, डोळ्यांवर झोप, आणि दोन्हींच्या आड ते एवढेसे नाक! बाळ रडते ते हट्टाने नव्हे. मात्र नाकाचा प्रत्येक आवाज म्हणजे सर्दी, असेही समजू नये. नवजात मूल अधूनमधून शिंकते, झोपेत घुरघुरते. पण नीट पीत असेल आणि शांत असेल, तर त्याला कसल्याच उपायाची गरज नसते.

खरी सर्दी होते ती विषाणूंमुळे. तिला लवकर घालवील असे औषध नाही. बहुधा आठवडा-दहा दिवसांत ती आपोआप ओसरते. तेव्हा रात्रीचे काम सर्दी बरी करण्याचे नसून, बाळाला दूध पिता यावे आणि निर्धास्तपणे झोपता यावे एवढी वाट मोकळी करून देण्याचे आहे. काम लहान आहे, म्हणूनच ते नीट करता येते.

त्यासाठी लागणारी वस्तू अगदी साधी आहे: मिठाचे पाणी. औषधांच्या दुकानात ‘नॉर्मल सलाइन’चे नाकात घालावयाचे थेंब मिळतात. एक लिटर पाण्यात ९ ग्रॅम मीठ, असे त्याचे प्रमाण असते. ते शरीरातील द्रवाशी मिळतेजुळते असल्यामुळे नाकाला झोंबत नाही. घरच्या घरी चिमटीच्या अंदाजाने हे पाणी करण्यापेक्षा तयार थेंब आणून ठेवावेत. बाळाला उताणे ठेवून एकेका नाकपुडीत दोन-तीन थेंब सोडावेत आणि मिनिटभर थांबावे. सुकलेला शेंबूड तेवढ्यात सैल होतो. पुष्कळदा एका शिंकेसरशी तो बाहेरही येतो. न आल्यास नाक साफ करण्याचा लहान रबरी फुगा वापरावा. फुगा आधी दाबून मग त्याचे टोक नाकपुडीच्या तोंडाशी अलगद टेकवावे आणि दाब हळूहळू सोडावा. टोक आत खुपसू नये. हे दिवसातून तीन-चार वेळांपेक्षा अधिक करू नये, कारण वारंवार ओढल्याने नाकाचे अस्तर सुजते आणि नाक पुन्हा चोंदते. वापरल्यावर फुगा धुऊन वाळवावा.

यात वेळेला महत्त्व आहे. हे सारे पाजण्यापूर्वी करावे, पाजल्यानंतर नव्हे. भरल्या पोटी नाकाशी झगडा केला तर मूल ओकते. सर्दीत एका वेळी पोटभर पिणे त्याला जमत नाही. म्हणून थोडे थोडे, पण अधिक वेळा पाजावे. मग त्याला खांद्याशी उभे धरून ढेकर काढावी आणि निजवावे.

निजवावे, पण कसे? अधिक जपावयाचे ते येथेच. विसाव्या शतकात पाश्चात्त्य देशांत मुलांना पालथे निजविण्याची रीत पडली होती. वरवर निरोगी दिसणारी मुले झोपेत अकस्मात दगावत. त्या मृत्यूंचा या रीतीशी असलेला संबंध पुढे अभ्यासकांच्या ध्यानात आला. १९९१ साली ब्रिटनमध्ये मुलांना उताणे निजविण्याची मोहीम सुरू झाली. १९९२ मध्ये अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने मुलांना पालथे न निजविण्याचा सल्ला दिला आणि १९९४ मध्ये तेथेही देशव्यापी मोहीम निघाली. पुढील काही वर्षांत या दोन्ही देशांतील असे मृत्यू निम्म्याहून अधिक घटले. यासाठी कोणतेही नवे औषध लागले नाही. मूल अंथरुणावर कसे ठेवावे, एवढेच बदलले.

आपल्याकडे पुष्कळ घरांत बाळाला उताणे निजविण्याची चाल आहेच. पण सर्दी झाली की ती मोडते. छाती मोकळी व्हावी म्हणून कोणी पालथे घालतो, कोणी कुशीवर वळवून पाठीशी लोड लावतो, कोणी डोक्याखाली उशी सरकवितो. उताण्या मुलाने दूध ओकले तर ते गुदमरेल, ही भीती त्यामागे असते. शरीराची रचना मात्र वेगळेच सांगते. मूल उताणे असताना श्वासनलिका वर आणि अन्ननलिका खाली असते. वर आलेले दूध श्वासनलिकेत शिरावयाचे तर त्याला चढ चढावा लागतो. पालथ्या मुलाच्या बाबतीत हेच उलट होते. कुशीवर ठेवलेले मूल सहज कलंडून पालथे होते. उशीने डोके उंच केले की त्याची हनुवटी छातीकडे झुकते आणि जी वाट मोकळी करावयाची, तीच दबते. अंथरुणाला उतार दिला तर मूल रात्रीतून खाली घसरते आणि वेड्यावाकड्या स्थितीत अडकते. उतरते बिछाने अमेरिकेत बाळांसाठी खास म्हणून विकले जात. २०२२ साली तेथे कायदा करून त्यांची विक्री बंद करण्यात आली. आपल्याकडच्या लुगड्याच्या झोळीलाही हा विचार लागू आहे. झोळीत मूल दुमडले जाते आणि हनुवटी छातीला टेकते. नाक चोंदलेल्या बाळाची रात्र झोळीत जाऊ नये.

तेव्हा अंथरूण सपाट आणि टणक असावे, वर चादर घट्ट बसविलेली असावी, आणि त्यावर बाळ उताणे असावे. डोके गोल व्हावे म्हणून हौसेने शिवलेली मोहरीची उशी, मऊ दुलई, लोड, खेळणी, ओव्याची पुरचुंडी, सारे बाजूला ठेवावे. कुंची आणि टोपडे घराबाहेर जाताना शोभतात; झोपेत ती नाकावर सरकतात आणि अंगातली उष्णता कोंडून ठेवतात. थंडी असेल तर अंगात एक कपडा अधिक घालावा, पण डोके आणि तोंड उघडे असावे. बाळ आईच्याच खोलीत, तिच्या हाताच्या अंतरावर, पण स्वतःच्या वेगळ्या अंथरुणावर असावे. दमलेल्या आईने कोचावर बसून पाजता पाजता डोळा लावणे विशेष धोक्याचे आहे.

आता घरगुती उपायांविषयी. ते मायेतून आलेले आहेत, आणि म्हणूनच ते नाकारणे जड जाते. पण तान्ह्या मुलाच्या नाकात तेल किंवा तूप घालू नये. पाणी श्वासनलिकेत गेले तर मूल ठसकते. तेल मात्र खोकला न येताही फुप्फुसात उतरू शकते आणि तेथे साचून सूज आणते. वैद्यकात या विकाराची माहिती १९२५ पासून आहे. कापराचा वास मोठ्यांना सुखावतो, पण कापूर पोटात गेल्यास लहान मुलांना झटके येतात. म्हणून कापूर घातलेली मलमे दोन वर्षांखालील मुलांच्या छातीला किंवा नाकाला लावू नयेत आणि कापराची पुडी उशापाशी ठेवू नये. वेखंडाची पूड नाकातोंडाशी उडू देऊ नये. ओवा-बाळंतशेपांची धुरी, उदबत्ती, डासांची कांडी, विडी-सिगारेट यांच्या धुराने आधीच सुजलेले नाक आणखी सुजते. बंद खोलीत कोळशाची शेगडी तर कधीच ठेवू नये. तिच्यातून निघणाऱ्या वायूला वास नसतो, आणि त्याने मूलच काय, सारे घर झोपेतच दगावू शकते. उकळत्या पाण्याचे पातेले बाळाजवळ नेऊन वाफ देऊ नये. भाजण्याचे अपघात तशाने होतात. वर्षाच्या आतील मुलाला मधाचे बोट चाटवू नये. मधात कधीकधी असे जिवाणू-बीज असते, की ज्याने तान्ह्या मुलाचे स्नायू लुळे पडतात.

राहिली कपाटातली बाटली. थोरल्या भावंडाचे उरलेले औषध धाकट्याला थेंबभर देण्याचा मोह मध्यरात्री अनावर होतो. २०२५ मध्ये मध्य प्रदेशातील छिंदवाडा जिल्ह्यात विषारी द्रव्य मिसळलेल्या खोकल्याच्या औषधाने लहान मुले दगावली. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात केंद्रीय आरोग्य सेवा महासंचालनालयाने दोन वर्षांखालील मुलांना सर्दी-खोकल्याची औषधे देऊ नयेत, असे राज्यांना कळविले. औषध शुद्ध असले तरी एवढ्या लहान मुलाला त्याचा उपयोग नाही. गुंगी आणि हृदयाची धडधड यांचे भय मात्र आहे. नाक मोकळे करणारे मोठ्यांचे थेंबही डॉक्टरांना विचारल्यावाचून घालू नयेत.

इतके सारे वर्ज्य केल्यावर घरच्यांनी करावयाचे काय उरले, असा प्रश्न कोणी विचारील. सर्वांत मोलाचे काम उरले आहे, आणि ते म्हणजे लक्ष ठेवणे. साधी सर्दी छातीत उतरून न्यूमोनिया झाला, तर तो प्रथम दिसतो श्वासाच्या गतीत. बाळ शांत असताना अंगावरचा कपडा वर करून, घड्याळाकडे पाहून, पूर्ण एक मिनिट श्वास मोजावेत. दोन महिन्यांखालील मुलाचे श्वास मिनिटाला ६० किंवा अधिक, आणि दोन महिन्यांपासून वर्षापर्यंतच्या मुलाचे ५० किंवा अधिक भरले, तर तो धोक्याचा इशारा समजावा. लहानग्याचा श्वास मुळात अनियमित असतो, म्हणून आकडा अधिक आल्यास पुन्हा एकदा मोजून पाहावे.

ही मोजणी शिकलेल्यांनाच जमते, असे नाही. गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांनी खेड्यांतील आरोग्यसेवकांना आणि दायांना बालकांचा न्यूमोनिया ओळखावयास शिकविले. अक्षरओळख नसलेल्या दायांना श्वास मोजता यावेत म्हणून वाळूचे घड्याळ आणि मणी यांचे एक साधे साधनही तेथे तयार झाले. वेळीच ओळखून वेळीच उपचार झाल्याने त्या भागातील बालमृत्यू घटल्याचा वृत्तान्त १९९० साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय साप्ताहिकात प्रसिद्ध झाला. ज्या दायांनी कधी पाटी हातात धरली नव्हती त्यांना जे साधले, ते कोणत्याही घरातल्या आजीला साधेल.

श्वासाच्या गतीखेरीज आणखी काही खुणा आहेत. श्वास घेताना बरगड्यांखालचा भाग आत ओढला जाणे, नाकपुड्या फुलणे, कण्हल्यासारखा आवाज येणे, ओठ निळसर होणे, बाळाने दूध सोडणे किंवा प्यालेले सारे ओकणे, झटके येणे, हाक मारूनही जागे न होणे, यांपैकी एकही खूण दिसली तर सकाळची वाट पाहू नये. तीन महिन्यांखालील मुलाला १००.४ अंश फॅरनहाइट किंवा अधिक ताप आला, किंवा त्याचे अंग गार पडले, तरीही तसेच निघावे. अनेक राज्यांत १०८ या क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते. अशा वेळी ‘एवढ्या रात्री डॉक्टरांना कशाला त्रास’ हा संकोच मनात आणू नये.

पण बहुतेक रात्री तशी वेळ येत नाही. आई थेंब घालते, नाक साफ करते, पाजते आणि दमून पाठ टेकते. वडील बाटली पुन्हा कपाटात ठेवतात, शेगडी अंगणात नेतात, अंथरुणावरची उशी उचलतात. बाळ पुन्हा किरकिरले तर आजी त्याला खांद्याशी उभे धरून थोपटते, आणि डोळा लागला की सपाट अंथरुणावर उताणे ठेवते. मग ती घड्याळ समोर घेऊन त्या इवल्याशा छातीची हालचाल मोजीत बसते. अडतीस, एकोणचाळीस, चाळीस. मिनिट पुरे होते. आकडा पन्नासाच्या आत आहे. ती सुनेला न उठविता दिवा बारीक करते.