एक ग्रंथ, दोन वाचक

यहुदी लोकांच्या प्रार्थनामंदिरांत दर शब्बाथला तोरेचा नेमलेला भाग वाचला जातो आणि बहुतेक ठिकाणीं एका वर्षांत पांचही पुस्तकें पुरीं होतात. हा ग्रंथ ईश्वराकडून मोशेला प्राप्त झाला, अशी परंपरेची श्रद्धा आहे. निरनिराळ्या काळीं लिहिलेले लेख एकत्र गुंफून तो सिद्ध झाला, असें चिकित्सक पंडितांचें म्हणणें आहे. १८७८ सालीं युलियुस वेलहाउझेन या जर्मन पंडितानें हें मत विस्तारानें मांडलें. त्यामुळें धर्मनिष्ठ यहुद्यापुढें एक बिकट प्रश्न उभा राहिला : ग्रंथाचा कर्ता बदलला, तर त्यांतील आज्ञांचें बंधन उरतें काय?

दोन्ही पक्षांची वाचनाची रीत महापुराच्या कथेवरून चांगली ध्यानांत येते. उत्पत्तीच्या सहाव्या अध्यायांत ईश्वर नोहाला प्रत्येक प्राण्याची एक जोडी तारवांत घेण्यास सांगतो. सातव्या अध्यायांत मात्र शुद्ध पशूंच्या सात सात जोड्या घेण्याची आज्ञा आहे. ही विसंगति परंपरेच्या नजरेंतून सुटली होती, असें समजणें अन्यायाचें होईल. अकराव्या शतकांत फ्रान्समध्यें जन्मलेला थोर भाष्यकार राशी सांगतो कीं, पूर ओसरल्यावर नोहाला बलि अर्पण करतां यावा म्हणून शुद्ध पशु अधिक घेतले.

चिकित्सकही त्याच बलीकडे बोट दाखवितात. त्यांच्या मतें येथें दोन लेखक आहेत. एक ईश्वराला 'एलोहीम' म्हणतो. अहरोनाला पुरोहितपद मिळण्यापूर्वीं कोणीं यज्ञ केला, हें त्याला मान्य नाहीं. म्हणून त्याला एक जोडी पुरते. दुसरा ईश्वराचें चार अक्षरी पवित्र नाम वापरतो. त्याच्या कथेंत नोहा वेदी बांधतो. म्हणून त्याला अधिक पशु लागतात. गांठ एकच, आणि ती सोडविण्याचें सूत्रही दोघांच्या हातीं एकच लागलें. पण एक विचारतो, ईश्वर येथें काय शिकवितो? दुसरा विचारतो, हें कोणीं आणि केव्हां लिहिलें?

या दोन प्रश्नांना एकत्र नांदविण्याचे प्रयत्नही झाले. मार्टिन बूबर यांच्यासह १९२५ पासून हिब्रू शास्त्राचें जर्मन भाषांतर करणारे फ्रान्झ रोझेन्झ्वाइग यांनीं संकलकाचें अस्तित्व मान्य केलें. पंडित त्या संकलकाला 'आर्' या आद्याक्षरानें ओळखतात. रोझेन्झ्वाइग यांनीं त्या अक्षराचा अर्थ 'रब्बेनु', म्हणजे 'आमचे गुरु', असा लावला. विखुरलेले लेख एकत्र करणाराच त्यांच्या दृष्टीनें खरा शिक्षक ठरला.

शब्दन् शब्द ईश्वराचा मानणाऱ्यांचें एवढ्यानें समाधान होणें कठीण होतें. जेरुसलेमचे रब्बी मोर्देखाय ब्रॉयर (१९२१–२००७) यांनीं निराळी वाट काढली. पंडितांना दिसलेले भेद खरे आहेत, परंतु न्याय आणि दया हीं दोन्ही अंगें प्रकट करण्यासाठीं ईश्वरानेंच ते दोन स्वर योजले, असें त्यांनीं प्रतिपादिलें.

हा वाद मिटलेला नाहीं. तथापि अभ्यासकानें परंपरेला आंधळी म्हणण्यापूर्वीं राशीचें भाष्य उघडावें, आणि चिकित्सेला पाखंड म्हणण्यापूर्वीं ते दोन अध्याय शेजारीं ठेवून सावकाश वाचावे.